जगाच्या चुलीवर (भाग ९) : विकत न मिळणारा रस्सा

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात ऑक्टोबरचा पहिला शनिवार म्हणजे खारींच्या शिकारीचा पहिला दिवस. व्हिल प्लॅट गावाच्या आसपासची फ्रेंच वंशाची केजन कुटुंबं आदल्या संध्याकाळीच रानातल्या खोपटावर मुक्कामाला जातात. या खोपटाला तिथे सगळे ‘कॅम्प’ म्हणतात. पहाटे ओक आणि हिकरीच्या झाडांखाली आवाज न करता बसायचं, उन्हं वर आली की परतायचं, आणि मग दुपारभर जाड बुडाच्या हंड्यात सॉस पिकांट हा तिखट रस्सा रटरटत ठेवायचा.

खार म्हटल्यावर आपल्याकडे अनेकांच्या पोटात कालवेल, आणि ते स्वाभाविक आहे. रामाने जिच्या पाठीवरून बोटं फिरवली असं आपण मानतो, ती खार जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅमची. तिथली फॉक्स स्क्विरल एक किलोपर्यंत भरते, अक्रोड आणि ओकची फळं खाऊन पोसलेली असते. तिथल्या माणसाला ती सशाच्या रांगेतली वाटते. सॉस पिकांटमध्ये खार पडते, तसाच ससा, हरीण, रानबदक, बेडकाच्या तंगड्या, कासव, अ‍ॅलिगेटर मगरही. मांस बदलतं, रस्सा तोच.

गेल्या आठवड्यात आपण गंबो हा लुइझियानाचा दाट रस्सा पाहिला. तेलात मैदा भाजून केलेला ‘रू’ आणि कांदा, सेलरी, ढोबळी मिरची हे त्रिकूट, हा पाया इथेही आहे. वेगळेपण टोमॅटोचं. खेड्यातल्या केजन गंबोत टोमॅटो घातलेला अनेकांना खपत नाही, ती न्यू ऑर्लिन्सच्या शहरी क्रिओल स्वयंपाकाची खूण मानतात. सॉस पिकांटमध्ये मात्र हीच माणसं टोमॅटो सढळ हाताने घालतात. मूळ फ्रान्समध्ये या नावाचा सॉस व्हिनेगर, छोटे कांदे आणि लोणच्यातल्या इवल्या काकड्यांचा. लुइझियानात आंबटपणाची जबाबदारी टोमॅटोने घेतली, तिखटाची केयेन मिरचीने, आणि चमच्याने वाढायच्या सॉसचा भाताबरोबर ओरपायचा रस्सा झाला.

केजनांचे पूर्वज हे कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या अकेडीतले फ्रेंच शेतकरी. १७५५पासून ब्रिटिशांनी दहा हजारांहून अधिक लोकांना तिथून हुसकावून लावलं. १७६५मध्ये त्यांचा पुढारी बोसोलेय ब्रुसार याच्याबरोबर सुमारे दोनशे जण लुइझियानात पोचले, १७८५मध्ये फ्रान्समधून आणखी सोळाशेच्या आसपास आले. त्यांच्या वाट्याला दलदल, संथ पाण्याचे बायू आणि सायप्रसची जंगलं आली. मिळेल ते मारून शिजवणं ही तेव्हा हौस नव्हती.

आजची परिस्थिती मला जास्त महत्त्वाची वाटते. खऱ्या रानातल्या सशाचं किंवा हरणाचं सॉस पिकांट लुइझियानातल्या कुठल्याही हॉटेलात विकत मिळत नाही, कारण शिकारीचं मांस विकायला कायद्याने बंदी आहे. मेन्यूवर ससा दिसला तर तो पाळलेला असतो. स्वतः खा, शेजाऱ्याला द्या, पण पैसे घेऊ नका. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बाजारासाठी शिकार करणाऱ्यांनी पक्षी पिंपं भरभरून शहरात पाठवले. आकाश झाकून टाकणारे पॅसेंजर कबूतर त्यातच संपत गेले, शेवटची मादी १९१४मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. १९००चा लेसी कायदा आणि १९१८चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा याच अनुभवातून आले. त्यामुळे हा पदार्थ आजही निमंत्रणावरच मिळतो. कोणाच्या तरी फ्रीजरमधून मांस येतं, कोणीतरी चार तास हंड्याजवळ उभं राहतं, आणि तुम्हाला बोलावलं तरच तुम्ही जेवता. केजन स्वयंपाक जगभर हॉटेलांतून पोचला, पॉल प्रुडोमसारख्या शेफनी १९८०च्या दशकात त्याची लाट आणली. शिकारीचा हा रस्सा मात्र घरातच राहिला. कायद्याने नकळत एक पंगत जपली, असं मला मनापासून वाटतं.

अ‍ॅलिगेटर याला अपवाद आहे, आणि त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. कातड्यासाठी इतकी बेसुमार शिकार झाली की १९६२मध्ये लुइझियानाने ती पूर्ण बंद केली. दहा वर्षांनी, सप्टेंबर १९७२मध्ये, फक्त कॅमेरॉन पॅरिशपुरती (पॅरिश म्हणजे तिथला जिल्हा) ती मोजून-मापून पुन्हा उघडली. जमिनीच्या मालकाला दलदलीच्या प्रतीनुसार ठरावीक टॅग मिळतात, तेवढ्याच मगरी मारायच्या, मांस आणि कातडं विकायचं. दलदल राखली तर पैसे मिळतात, म्हणून ती भराव घालून बुजवण्याचा मोह कमी होतो. आज राज्याच्या रानात वीस लाखांच्या आसपास अ‍ॅलिगेटर आहेत. कासवाच्या बाबतीत हे जमलं नाही. जुन्या लोकांच्या मते सर्वांत चविष्ट सॉस पिकांट कासवाचं, पण अ‍ॅलिगेटर स्नॅपिंग कासव इतकं कमी झालं की २००४मध्ये त्याची व्यापारी शिकार थांबवावी लागली.

आता हंड्याकडे येऊ. रानातल्या जनावराला चरबी बेताची आणि आयुष्यभर पळून घट्ट झालेले स्नायू. तव्यावर झटपट भाजलं तर बहुतेक तुकडे चिवट होतात. त्या स्नायूंना बांधून ठेवणारं कोलॅजन ७० अंश सेल्सिअसच्या पुढे पाण्यात सावकाश विरघळतं आणि त्याचं जिलेटिन होतं. रस्सा ओठांना किंचित चिकटतो तो त्यामुळे. घाई करून खळखळ उकळलं तर स्नायूंचे तंतू आवळून पाणी बाहेर टाकतात, आणि मांस पाण्यात असूनही कोरडं लागतं. म्हणून पृष्ठभागावर एखाद-दुसरा बुडबुडा येईल एवढीच आंच ठेवायची. कोवळी खार तळून खातात, म्हातारी या हंड्यात जाते.

साफसफाईत हयगय नको. मांस रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवतात, म्हणजे रक्त निघून जातं. अ‍ॅलिगेटरची चरबी कणभरही ठेवत नाहीत, तिला उग्र वास असतो. रानसशाला ट्युलरेमिया नावाचा रोग असू शकतो, त्यामुळे सोलताना हातमोजे घालायचे आणि मांस आतपर्यंत पूर्ण शिजवायचं.

दीड किलो मांसाला एक वाटी तेल आणि एक वाटी मैदा. मांसाला मीठ, मिरी, केयेन चोळून ते आधी तेलात चांगलं तांबूस करून बाजूला काढायचं. त्याच तेलात मैदा घालून मंद आंचेवर ढवळत राहायचं, शेंगदाण्याच्या भाजक्या टरफलाच्या रंगापर्यंत. आणखी गडद केला तर सुगंध वाढतो, पण मैद्यातलं स्टार्च तुटून दाटपणा कमी होतो. रंग आला की लगेच तीन चिरलेले कांदे टाकायचे, त्यांनी तापमान उतरतं आणि मैदा जळायचा थांबतो. त्यामागून सेलरी आणि ढोबळी. इथे कांदा पूर्ण मऊ होऊ द्यावा. टोमॅटो पडल्यावर आंबटपणामुळे भाजी मऊ व्हायला फार वेळ लागतो.

मग टोमॅटोची दाट पेस्ट दोन-तीन चमचे, आणि ती तेल सुटून विटकरी रंगाची होईपर्यंत परतायची. आपल्या मटणाचा मसाला परतताना जी खूण पाहतो, तीच. सॉस पिकांट पचपचीत लागलं तर चूक बहुतेक वेळा इथेच झालेली असते. त्यानंतर पाऊण किलो टोमॅटो, लसूण, लिटरभर अळणी सूप आणि मांस. झाकण किंचित उघडं ठेवून सशाला दोन तास, म्हाताऱ्या जनावराला तीन किंवा अधिक. केयेन तीन वेळा घालतात: मांसाला, परतताना आणि शेवटी चव पाहून. पहिली मिरची मांसात मुरते, शेवटची जिभेवर येते.

आपल्याकडे ससा, रानडुक्कर, सांबर यांची शिकार करणं आणि त्यांचं मांस घरात ठेवणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कॅमेरॉन पॅरिशमध्ये मगरीची शिकार पुन्हा सुरू झाली त्याच वर्षी आपण हा कायदा केला, आणि परवान्यावर चालणाऱ्या शिकारीचं उरलेलं दार १९९१च्या दुरुस्तीने बंद केलं. दोन्ही निर्णय आपापल्या जागी मला योग्य वाटतात, आपल्या जंगलांवरचा भार पाहता तर हा नक्कीच. पाककृती करून पाहायला अडचण नाही. कोंबडीचं सॉस पिकांट लुइझियानातही घरोघरी होतं. आपण वर्षभराचा गावठी कोंबडा घ्यावा, ब्रॉयलर नको, तो पाऊण तासात विरघळून जातो आणि रश्श्याला वेळच मिळत नाही. सेलरी न मिळाल्यास वगळावी, तिच्या जागी ओवा घालू नये, तो सगळ्यावर मात करतो. केयेनऐवजी लवंगी बेताने. खोबरं, गरम मसाला काहीही नको. बरोबर साधा मोकळा भात, वरून कांद्याची पात.

पुढच्या शनिवारी ‘बूशरी’: थंडीत अख्खं गाव मिळून डुक्कर कापायचं आणि संध्याकाळपर्यंत त्याचा एकही तुकडा वाया जाऊ द्यायचा नाही, त्या दिवसाविषयी.