केस वाळवण्याचे यंत्र : किंमत आणि मोल

गेल्या श्रावणातली गोष्ट. किन्हवलीच्या बाजूच्या एका खेड्यातली माझी जुनी विद्यार्थिनी वडिलांना घेऊन घरी आली. मुलगी आता परिचारिका झाली आहे. पहाटे साडेचारला उठायचे, न्हायचे, गाडी धरून आसनगाव गाठायचे आणि तिथून लोकलने ठाण्याकडे जायचे, हा तिचा रोजचा क्रम. पहिल्याच वर्षी हातात थोडे पैसे साठले होते आणि तिने विजेवर केस वाळवण्याचे यंत्र, ज्याला आपण हेअर ड्रायर म्हणतो, ते घ्यायचे ठरवले होते. पण साधे नव्हे, पस्तीस हजारांचे!

वडील म्हणाले, "सर, तुम्हीच सांगा हिला. केसं वाळवायला बैलाची किंमत मोजतात का कुणी?" मुलगी म्हणाली, "सर, पावसाळ्यात ओल्या केसांची वेणी घालून निघते. रात्री परत आले तरी आत ओलच असते. डोके दुखते, केसांना वास येतो. बाबांना ते काय कळणार?"

श्रोतेहो, दोघांचेही म्हणणे खरे होते. म्हणूनच हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. मुलीने नटण्यासाठी पैसे मागितले की आपण लगेच उधळपट्टी म्हणतो. मुलाने मोटारसायकलीला भारी आरसे आणि दिवे बसवले तर मात्र कौतुकाने पाहतो. तेव्हा रागलोभ बाजूला ठेवून महागडी वस्तू घ्यावी की न घ्यावी हे कसे ठरवावे, ते आज आपण या यंत्राच्या निमित्ताने पाहू.

प्रथम हे यंत्र करते काय ते समजून घेऊ. त्यात तीनच मुख्य गोष्टी असतात : तापणारी तार, तिच्यावरून हवा ढकलणारा पंखा आणि पंखा फिरवणारी मोटर. बाकी सगळा साज. पण ही गरम हवा केस वाळवते कशी? आपल्याकडे सह्याद्रीच्या पायथ्याला, माळशेजपासून कसाऱ्यापर्यंत, आषाढ-श्रावणात हवा पाण्याने जवळजवळ भरलेली असते. भरल्या हंड्यात आणखी पाणी मावत नाही, तसेच अशा हवेत केसांतले पाणी मावत नाही. म्हणून दोरीवरचे धोतर दोन-दोन दिवस दमट राहते. हवा तापवली की तिची पाणी सामावून घेण्याची ताकद वाढते. २७ अंश सेल्सियसची, ९० टक्के आर्द्रतेची हवा ५० अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता साधारण २६ टक्क्यांवर येते. जणू श्रावणातली हवा क्षणात चैत्रातली झाली! आपल्या आज्या बाळंतिणीचे केस शेगडीच्या धुरीवर वाळवीत, त्यामागे हेच तत्त्व होते. आणि म्हणूनच वैशाखात उन्हात बसले की दहा मिनिटांत केस सुटे होतात. तेव्हा या यंत्राची फारशी गरजच नसते.

आता स्वस्त आणि महाग यांत फरक कोणता? बाजारात हजार-दीड हजारालाही यंत्र मिळते. दुसऱ्या टोकाला डायसन कंपनीचे यंत्र २०१६ साली प्रथम जपानमध्ये विक्रीला आले. आपल्या देशात त्याची किंमत तीस हजारांच्या पुढे आहे. त्याची मोटर लहान असून मुठीत बसवलेली असते आणि मिनिटाला एक लाख दहा हजार फेरे घेते. त्यामुळे हवेचा झोत जोरदार येतो. हवा किती तापली हे आतला काचमणी सेकंदाला अनेकदा मोजतो आणि मर्यादेपलीकडे तापू देत नाही. थोडक्यात, साधे यंत्र उष्णतेच्या जोरावर केस वाळवते आणि महागडे यंत्र वाऱ्याच्या जोरावर. काम लवकर होते, केस भाजण्याची भीती कमी होते, हाताला वजन तोललेले वाटते. हे फायदे खरे आहेत. ते खोटे म्हणून उडवून लावण्यात अर्थ नाही.

पण दोन गोष्टींवर आपण फसू नये. पहिली, विजेची बचत. एक हजार वॅटचे साधे यंत्र दहा मिनिटे चालवले तर एका युनिटचा सहावा भाग खर्च होतो. सोळाशे वॅटचे जोरदार यंत्र सहा मिनिटे चालवले तरी खर्च जवळजवळ तेवढाच. युनिटला नऊ रुपये धरले तर दोन्हींना दीड रुपयाच्या आसपास. म्हणजे वीज वाचते म्हणून महाग घ्या, असे कोणी सांगितले तर ते मनावर घेऊ नये. खरी बचत साध्या सुती पंचात आहे! पंचाने टिपल्यावर केसांत समजा ५० ग्रॅम पाणी उरले, तर त्याची वाफ व्हायला सुमारे १२० किलोज्यूल उष्णता लागते. पंचाने टिपलेल्या पाण्याला मात्र विजेचा एक पैसाही लागत नाही. पंचा केसांवर घासू नये, दाबून धरावा, एवढेच.

दुसरी गोष्ट, केस खराब होण्याची भीती. २०११ साली कोरियातील त्वचारोगाच्या एका नियतकालिकात एका प्रयोगाची हकीकत आली होती. केसांच्या बटा धुऊन वेगवेगळ्या रीतींनी वाळवल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. यंत्र जितके जवळ आणि हवा जितकी गरम, तितके केसांचे वरचे आवरण अधिक बिघडले. ५ सेंटिमीटरवर धरले असता उष्णता ९५ अंशांवर गेली होती. १५ सेंटिमीटरवर ती ४७ अंश होती. नवलाची गोष्ट अशी की, यंत्राशिवाय आपोआप वाळू दिलेल्या बटांच्या आतल्या थराला इजा दिसली. पाणी फार वेळ केसांत राहिल्याने ती झाली असावी, असे प्रयोग करणाऱ्यांनी मानले. त्यांचा निष्कर्ष असा की, यंत्र १५ सेंटिमीटर दूर धरून सतत हलवत ठेवावे. आपोआप वाळवण्यापेक्षा त्यात कमी नुकसान होते. पंधरा सेंटिमीटर म्हणजे मुलांच्या कंपासपेटीतल्या छोट्या पट्टीएवढे अंतर. म्हणजे महागडे यंत्र जी काळजी आपण होऊन घेते, तिचा बराचसा भाग पट्टीएवढे अंतर आणि हलता हात फुकट देतात. शिवाय, रोज ओली वेणी बांधणारी ती मुलगीही चूक बोलत नव्हती, हेही यावरून दिसते.

मग सोक्षमोक्ष कसा लावायचा? इथे मला म्हशाची जत्रा आठवते. मुरबाड तालुक्यात पौषी पौर्णिमेला म्हसोबाची जत्रा भरते. तिथला गुरांचा बाजार प्रसिद्ध आहे. शेतकरी बैल घेताना दात पाहतो, चालवून पाहतो, खांदा चाचपतो. पण त्याआधी मनात एक हिशेब पक्का असतो : माझे रान किती? वीस गुंठेवाला कितीही उमदी जोडी पाहून भुलला, तरी ती विकत घेत नाही. हंगामात दोन दिवस भाड्याने आणतो. दहा एकरवाल्याला तीच जोडी स्वस्त पडते. बैल तोच, किंमत तीच; पण मोल रानावर ठरते. यंत्राचेही असेच आहे.

मी कागद घेतला आणि तीन घरांचा हिशेब मांडला. यंत्र पस्तीस हजारांचे आणि पाच वर्षे टिकणारे धरले.

पहिले घर सामान्य कुटुंबाचे. पावसाळ्यात आणि थंडीत मिळून वर्षाला पन्नास वेळा वापर. पाच वर्षांत अडीचशे वेळा. म्हणजे दर खेपेला १४० रुपये पडले! दीड हजाराचे यंत्र घेतले तर सहा रुपये. इथे प्रश्नच मिटला.

दुसरे घर म्हणजे आमच्या विद्यार्थिनीचे. रोजची नोकरी, वर्षाला तीनशे वेळा. पाच वर्षांत दीड हजार वेळा. दर खेपेला सुमारे तेवीस रुपये. साधे यंत्र लवकर बिघडते असे मानून पाच वर्षांत तीन घ्यावी लागली, तरी साडेचार हजार. म्हणजे तीन रुपये. फरक रोज वीस रुपयांचा.

तिसरे ठिकाण मुरबाडमधल्या एका ओळखीच्या बाईंचे ब्यूटी पार्लर. रोज सहा गिऱ्हाइके, वर्षाला अडीचशे दिवस. एवढ्या राबत्या वापरात यंत्र तीनच वर्षे टिकेल असे धरले, तरी साडेचार हजार वेळा. दर खेपेला आठ रुपयेसुद्धा नाहीत. त्यात एका डोक्यामागे चार मिनिटे वाचली, तर दिवसाला चोवीस मिनिटे सुटली. लग्नसराईत तेवढ्यात आणखी एक गिऱ्हाईक होते. जे यंत्र पहिल्या घरात चैन आहे, ते इथे भांडवल आहे. अर्थशास्त्राच्या जाडजूड पुस्तकात जो भेद समजावायला आम्हाला तासभर लागतो, तो इतका सरळ आहे.

पण रोजचे वीस रुपये जास्त की कमी, हे कागद सांगत नाही. ते ज्याचे त्यानेच ठरवायचे. मी तिला एवढेच विचारले, "बाळ, हे तीस हजार यात घातले नाहीस, तर त्यांचे दुसरे काय करशील?" अर्थशास्त्रात याला संधीचा खर्च म्हणतात. वस्तूची खरी किंमत चिठ्ठीवर छापलेली नसते. त्या पैशांत जे दुसरे काही होणार होते आणि आता होणार नाही, ती खरी किंमत. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "परिचर्येतली पदवी करायची आहे, सर. त्याच्या फीसाठी जमवायला हवेत." वडिलांना ही गोष्ट त्या दिवशी प्रथमच कळली.

ती म्हणत होती, दुकानदार शून्य टक्के व्याजाने हप्ते करून देतो. हप्त्यांचेही नीट समजून घ्या. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले आहे की, शून्य टक्के व्याज अशी गोष्ट मुळात अस्तित्वातच नाही. व्याज कुठेतरी असतेच. कधी ते प्रक्रिया शुल्काच्या नावाने येते, कधी रोखीच्या गिऱ्हाइकाला मिळणारी सूट आपल्याला नाकारून येते. म्हणून दुकानात आधी विचारावे, "रोख दिले तर कितीला द्याल?" दोन्ही आकडे शेजारी लिहिले की व्याज आपोआप उघडे पडते.

खेड्यातल्या माणसाने आणखी एक पाहावे : घरची वीज. साध्या यंत्राची तार विजेच्या दाबावर अवलंबून असते. दाब २३० व्होल्टवरून १८० वर उतरला, तर हजार वॅटचे यंत्र सुमारे सहाशे वॅटचेच काम देते. यंत्र कितीही नामांकित असो, दाब पडला की त्याचा तोरा पुरा राहत नाही. तसेच, दोन हजार वॅटच्या यंत्राला जवळजवळ नऊ अँपिअर प्रवाह लागतो; दिव्या-पंख्याच्या लहान सॉकेटवर ते लावू नये, सोळा अँपिअरचे जाड सॉकेट आणि पक्के अर्थिंग हवे. मोरीत किंवा ओल्या हाताने ते कदापि वापरू नये. यंत्र स्वस्त घ्या की महाग, आयएसआयची खूण, हमीपत्र आणि दुकानाचे बिल पाहून घ्या. बिघडल्यावर ते दुरुस्त कुठे होणार, कल्याणला की थेट मुंबईला, हेही आधी विचारा. आणि प्रसिद्ध यंत्र दोन-तीन हजारांत कोणी देऊ लागला, तर ते बहुधा नक्कल आहे असे समजा.

शेवटी काय झाले ते सांगतो. मुलीने साडेतीन हजारांचे, दोन उष्णतांचे आणि गार झोताचे यंत्र घेतले. वडिलांनी स्वतः वायरमन आणून घरात जाड सॉकेट आणि अर्थिंग करून दिले. उरलेले पैसे तिने फीसाठी ठेवले. मुरबाडच्या बाईंनी मात्र महागडेच घेतले, आणि योग्य केले. दोघींची उत्तरे वेगळी आणि दोन्ही बरोबर, कारण दोघींनी आपापले रान मोजले होते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती आहे. आठवी-नववीच्या वर्गात एक तास हा हिशेब फळ्यावर मांडा. वस्तू कोणतीही चालेल. मोबाईल, मिक्सर, सायकल. किंमत किती, किती वर्षे टिकेल, वर्षातून किती वेळा वापर, दर खेपेला काय पडले. आणि शेवटी एक प्रश्न, त्या पैशांत दुसरे काय झाले असते? गणित पाचवीचे आहे, पण ते जन्मभर पुरते. आणि मुलांना घरी जाऊन तो हिशेब वडिलांच्या मोटारसायकलीवरही करून पाहू द्या. आमच्या विद्यार्थिनीने तो केलाच. वडील हसून म्हणाले, "सर, तुम्ही हिला नको ते शिकवलंत!"