इराणच्या बायकांना मत आहे, मग उमेदवारी का नाही?

बातम्यांत इराणचं नाव आलं की आमच्या गटांच्या बैठकीत प्रश्न येतोच, तिथल्या बायकांना मत देता येतं का? येतं, १९६३ पासून येतं. आमदार-खासदार आपले राष्ट्रपती निवडतात, तसंही तिथे नाही. अठरा वर्षांवरचे सगळे थेट मत देतात, चार वर्षांसाठी. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नसली तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान.

मग अडतं कुठे? छाननीत. आपल्याकडे ग्रामपंचायतीला अर्ज भरला की अधिकारी वय, कागदपत्रं बघतो. तिथे ‘पालक मंडळ’ नावाचे बारा जण माणूसच तपासतात: धर्म पाळतो का, राज्यव्यवस्थेशी एकनिष्ठ आहे का. बारापैकी सहा धर्मपंडित सर्वोच्च नेता नेमतो. उरलेल्या सहा कायदेतज्ज्ञांची नावं न्यायव्यवस्थेचा प्रमुख सुचवतो, संसद त्यातून निवडते. आणि त्या प्रमुखाला कोण नेमतं? सर्वोच्च नेताच! सर्वोच्च नेत्याला निवडणारी ८८ धर्मपंडितांची सभा लोक मतदानाने निवडतात खरी, पण तिच्या उमेदवारांची छाननीही हेच पालक मंडळ करतं. फिरून दोरी त्याच खुंटीला.

बायकांसाठी आणखी एक गाठ आहे. राष्ट्राध्यक्ष ‘रेजाल’मधून निवडावा, असं घटनेचं ११५ वं कलम म्हणतं. मूळ अरबी अर्थ पुरुष. काही जण म्हणतात, इथे अर्थ मान्यवर व्यक्ती. आझम तालेघानी या बाईंनी १९९७ मध्ये अर्ज भरून हाच प्रश्न उभा केला. अर्ज नाकारला, पण त्यांनी नंतरही भरला. २०१९ मध्ये त्या वारल्या. अर्ज भरायला बायकांना मनाई नाही, पण आजवर एकीचाही मंजूर झालेला नाही.

२०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रईसी हेलिकॉप्टर अपघातात गेले, म्हणून निवडणूक लवकर लागली. ८० जणांनी नावं नोंदवली, त्यात चार बायका. मंजूर झाले सहा, सगळे पुरुष. पहिल्या फेरीत जेमतेम चाळीस टक्के लोक मतदानाला आले. आम्हाला यात नवल वाटत नाही. ५ जुलैच्या दुसऱ्या फेरीत मसूद पेझेश्कियान जिंकले, ते हृदयाचे डॉक्टर.

सैन्य, न्यायालयं, सरकारी दूरदर्शन हे सगळं मात्र सर्वोच्च नेत्याकडे. राष्ट्राध्यक्षाच्या हातात कारभार, अंदाजपत्रक आणि मंत्री निवडणं. पेझेश्कियान यांनी रस्ते आणि नगरविकास खातं फरजाने सादेग यांना, म्हणजे एका बाईला दिलं. ऑगस्ट २०२४ मध्ये संसदेने मंजुरी दिली. मंत्र्यांची नावं पालक मंडळाकडे छाननीला जात नाहीत.