फोडाफोडीविना न्हाणीघर

गेल्या आषाढात आई न्हाणीघरात घसरली. हाड मोडलं नाही, कोपरावर निभावलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "मला बाहेरच बादली आणून द्या, अंग पुसून घेईन." ७९ वर्षांची बाई, आंघोळ केल्याशिवाय जिने कधी चहाचा घोट घेतला नाही, तिच्या तोंडून हे ऐकलं आणि घरात न्हाणीघराचा विषय निघाला. योगायोग असा, की त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरचे काका वर आले आणि अतिशय सभ्य शब्दांत म्हणाले, "आमच्या छताला पुन्हा ओल आलीय."

आमची इमारत पुण्यातली, १९८१ सालची. त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे न्हाणीघर पाच फूट बाय सहा फूट. भिंतीला चार फुटांपर्यंत गुलाबी टाइल्स, त्यावर ऑइलपेंट, खाली पॉलिशची शहाबादी फरशी, कोपऱ्यात कडप्प्याचं फडताळ आणि वर काचेच्या पट्ट्यांची खिडकी. एका कंत्राटदाराला बोलावलं. त्याने दारातूनच आत डोकावून निदान केलं, "सगळं काढायला लागेल." खर्चाचा आकडा दोन लाखांच्या पुढे, मुदत तीन आठवडे. माझ्यासारख्या निवृत्त माणसाला आकडा तर जड होताच. पण मला खरा प्रश्न पडला तो वेगळाच. हा माणूस आत आलासुद्धा नाही, मग पाणी कुठून गळतंय हे त्याला कळलं कसं?

न्हाणीघर जुनाट दिसतं ते टाइल्सच्या रंगामुळे, असं आपण समजतो. खरं तर तिथे आलेलं पाणी वेळेवर निघून जात नाही, म्हणून ते जुनाट होतं. फरशीवर साचतं, दरजांमध्ये मुरतं, वाफ होऊन भिंतीला चिकटतं. पाण्याची वाट मोकळी केली की निम्मं काम होतं आणि त्याला घण लागत नाही.

गळती शोधायची तर संशयितांना एकेक करून सोडून द्यायचं. काकांना आधी कल्पना दिली, नाहीतर प्रयोग आमचा आणि छत त्यांचं! आम्ही पाच दिवस न्हाणीघर वापरलंच नाही, नळाचं पाणी मात्र चालू ठेवलं. ओल वाढती राहिली असती, तर दोष भिंतीतल्या पाइपाचा. ती सुकायला लागली. मग नरसाळ्याला रबरी नळी लावून फरशीवर थेंब न सांडता दहा बादल्या थेट जाळीतून खाली सोडल्या. त्याने ओल आली असती, तर दोष सांडपाण्याच्या पाइपाचा. तसंही झालं नाही. शेवटी जाळीच्या तोंडात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फडक्याचा बोळा घट्ट बसवला आणि फरशीवर दोन बोटं पाणी साचवून ठेवलं. रात्री नऊ वाजता काकांचा फोन, "आली हो!" इतक्या आनंदाने गळतीची बातमी कुणी कुणाला दिली नसेल.

म्हणजे पाणी फरशीच्या दरजांमधून आणि जाळीच्या कडेने जात होतं. गुडघे टेकून, विजेरी लावून पाहिलं तर जाळीभोवती सिमेंट उरलंच नव्हतं. फरशीही तिथे खडबडीत, खाल्ल्यासारखी. आता हे कुणी खाल्लं? सांगायला संकोच वाटतो, पण मीच. दर दिवाळीला बाटलीतलं अॅसिड ओतून न्हाणीघर 'लख्ख' करणारा घरातला उत्साही माणूस मीच होतो.

हे जरा समजावून सांगतो, कारण हा उत्साह घरोघरी असतो. खडकवासल्याचं पाणी तसं मृदू. पण आमच्या सोसायटीने बोअर घेतली आणि नळांवर, टाइल्सवर पांढरं कीटण चढू लागलं. हे कीटण म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, साध्या भाषेत चुनखडी. बाटलीतलं अॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. ते चुनखडीवर पडलं की फसफसतं, कीटण विरघळतं आणि आपल्याला धन्यता वाटते. पण शहाबादी, कडप्पा, कोटा हे तिन्ही दगड चुनखडीचेच. दरजांमधल्या सिमेंटमध्येही चुना असतोच. नको असलेली चुनखडी कोणती आणि पैसे देऊन आणलेली कोणती, हे आम्लाला कसं कळावं? ते दोन्ही खातं. कंत्राटदाराने दोन लाख मागितले ते एका परीने माझ्या दिवाळीच्या उत्साहाचं बिल होतं.

तेव्हा अॅसिड बंद. टाइल्सवरचं आणि नळावरचं कीटण काढायला लिंबूसत्त्व पुरतं. वाण्याकडे मिळतं ते. एक मोठा चमचा पाव लिटर कोमट पाण्यात विरघळवायचा, फडकं त्यात बुडवून नळाभोवती गुंडाळायचं, दहा-पंधरा मिनिटांनी चोळून भरपूर पाण्याने धुवायचं. हटवादी असेल तर पुन्हा. दगडावर मात्र हेही पडू द्यायचं नाही, कारण सौम्य असलं तरी तेही आम्लच. आणि एक गोष्ट अगदी कानात सांगावी तशी सांगतो. अॅसिड आणि ब्लीच एकत्र कधीही वापरू नका, एकापाठोपाठ एकही नको. त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि दार लावलेल्या छोट्या खोलीत तो फुप्फुसांची दुर्दशा करतो.

आई घसरली त्याच्या मुळाशीही हेच जड पाणी. जड पाण्यात साबण पूर्ण विरघळत नाही. त्याचा मेणासारखा चिकट साका होतो आणि फरशीवर बसतो. दिसत नाही, पण पाण्याचा हात लागला की पाय सटकतो. साबणाने घासून तो जात नाही, उलट भर पडते. कपडे धुण्याची पावडर साबण नसते, तिचा असा साका होत नाही. ती गरम पाण्यात कालवून ताठ ब्रशने घासली आणि निघालेलं पाणी रंगाने ताकासारखं होतं.

तरीही पॉलिशचा दगड तो पॉलिशचाच. बाजारात घसरण रोखणारी द्रावणं मिळतात, पण त्यांतली काही आम्लाचीच असतात, त्यामुळे माझी छाती झाली नाही. उपाय सुचवला आईनेच. "पाट्याला टाकी लावतात, तशी फरशीला लावून घे की," ती म्हणाली. टाकी लावणारी बाई हल्ली दारावर क्वचित येते. मंडईजवळ चौकशी केल्यावर सापडली. फरशी पोकळ नाही ना, हे तिने आधी ठोकून पाहिलं आणि मग दार ते बसायची जागा एवढ्या पट्ट्यात हलक्या हाताने बारीक टाकी घातली. अर्ध्या दिवसाचं काम. पायाला खरखर लागते, टोचत नाही. जिथे फरशी पातळ किंवा पोकळ वाजते तिथे हा उद्योग करू नये. छिद्रांचा रबरी गालिचाही चालतो, पण तो रोज उचलून वाळवायला हवा, नाहीतर खाली शेवाळ धरतं आणि घसरणारी वस्तू एकाऐवजी दोन होतात.

मग दरजा भरण्याचं काम. हे घरी जमतं; घाई मात्र चालत नाही. मोडक्या करवतीच्या पात्याने जुनं सिमेंट खरवडून काढायचं, निदान तीन-चार मिलिमीटर खोल. वरवर लिंपलेलं पहिल्याच पावसाळ्यात सुटतं. धूळ ब्रशने काढून न्हाणीघर दोन दिवस पंखा लावून कोरडं करायचं. मी इपॉक्सी ग्राउट वापरलं. पांढऱ्या सिमेंटपेक्षा महाग, पण पाणी पीत नाही. रविवार पेठेत बोहरी आळीत मिळालं. राळ, हार्डनर आणि पूड असे तीन भाग असतात. ते सांगितलेल्या प्रमाणातच मिसळायचे आणि एका वेळी थोडेच. कालवल्यानंतर हाताशी अर्धा-पाऊण तास असतो, उन्हाळ्यात त्याहून कमी. रबरी थापीने दरजेला तिरकं दाबत भरायचं आणि वर राहिलेलं लगेच ओल्या स्पंजने पुसायचं. या 'लगेच'कडे माझं पहिल्या तासात दुर्लक्ष झालं. दाराजवळच्या दोन फरश्यांवर त्याचा चकचकीत पुरावा अजून आहे.

भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या कोपऱ्यात ग्राउट भरू नये. भिंत आणि फरशी थंडी-उन्हाने थोडी वेगवेगळी हलतात, ताठ माल तिथे तडकतो. तिथे बुरशीरोधक सिलिकॉन भरायचं, ओल्या बोटाने सारखं करायचं आणि एक पूर्ण दिवस पाणी लागू द्यायचं नाही. फरशीला जाळीकडे ढाळ आहे का, हेही आधीच पाहून घ्या. मीटरला एक ते दीड सेंटीमीटर असला की पुरे. ढाळच उलटा असेल, किंवा दरजा भरूनही छत ओलं होत असेल, तर मात्र गवंडी बोलवावा लागतो; हौसेला तिथे मर्यादा आहे.

जाळीखालच्या भांड्याला प्लंबर मंडळी 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपली न्हाणी थेट इंग्रजी इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत जाऊन बसली आहे, याचं मला भारी कौतुक वाटतं. त्या भांड्यात साधारण दोन इंच पाणी कायम उभं असतं आणि तेच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. गावाहून महिन्याने परतल्यावर घाण वास येतो तो ते पाणी आटल्यामुळे. दोन तांबे पाणी ओतलं की वास थांबतो.

नळांचं फार काही नाही. मुख्य कॉक बंद करून वायसर बदलले, ठिबकणं थांबलं. भिंतीतल्या चाळीस वर्षांच्या लोखंडी पाइपाला मात्र हात लावला नाही. पाना फिरवताना नळाबरोबर भिंतीतूनही करकर ऐकू आली, तर पाना खाली ठेवावा.

वरच्या रंगाला पोपडे आणि काळी बुरशी होती. रंग काढून नवा दिला, पण त्याआधी वाफेची सोय केली. सहा इंची एक्झॉस्ट पंखा बसवून घेतला. विजेचं काम वायरमनचं, आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर आहे ना, हेही त्याच्याकडून तपासून घेतलं. पंखा बसवूनही आरसा धुरकटत राहिला. कारण दार खालून घट्ट होतं. आत हवा शिरलीच नाही, तर पंखा बाहेर काय फेकणार? दाराचा तळ कुजलेलाच होता. तो अर्धा इंच कापला, कडेला अॅल्युमिनियमचा पत्रा ठोकला आणि पंखा कामाला लागला.

आणि गॅसचा गिझर. आमचा न्हाणीघरातच होता. पंखा लावला म्हणजे तो सुरक्षित झाला, असं मलाही वाटलं होतं. तसं नाही. बंद खोलीत गॅस जळताना ऑक्सिजन अपुरा पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट धरतो आणि माणूस हाक मारण्याआधी बेशुद्ध होतो. पंखा तर जळलेला वायू कधीकधी खोलीत उलटा ओढून घेतो. अशा मृत्यूंच्या बातम्या थंडीच्या दिवसांत आपण वाचतो आणि पान उलटतो. गिझर गॅलरीत हलवला, आत फक्त गरम पाण्याचा नळ आला. हे काम जाणकाराकडूनच करून घेतलं. पैसे थोडे असतील, तर आधी हे करा, बाकीचं दिवाळीनंतर.

आधाराचा दांडा मी बसवला. टॉवेलची दांडी आधाराला चालत नाही, ती अंगाचं वजन घेत नाही. आईला स्टुलावर बसवलं, उठायला लावलं आणि तिचा हात आपोआप जिथे गेला तिथे पेन्सिलीने खूण केली. खुणेवर चिकटपट्टी लावली की ड्रिल टाइलवरून सटकत नाही. टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा ठोका बंद ठेवायचा, नाहीतर ती तडकते. स्क्रू टाइलमध्ये नव्हे, मागच्या विटेत पक्का बसला पाहिजे. आधी मी स्वतः दांड्याला लोंबकळून पाहिलं. माझं वजन ७८ किलो. हिने ते दृश्य दारातून पाहिलं आणि ती अजून हसते.

सगळा मिळून खर्च चौदा हजारांच्या आसपास आला आणि पाच रविवार गेले. काकांचं छत या पावसाळ्यात कोरडं आहे. दाराची कडी काढून बाहेरून नाण्याने उघडता येईल अशी बसवली, तेव्हा आईने नाक मुरडलं. पण आता ती रोज सकाळी साडेसहाला आत जाते, स्वतः बादली भरते आणि दांड्याला धरून उठते. तिची तक्रार एकच आहे, "एवढं केलंस, तर तो गुलाबी रंग तेवढा बदलायचा होतास."