बँडसॉचे पाते का डुलते?

नाशिकच्या जुन्या गावठाणातील एखादा वाडा उतरवला गेला, की त्यातील सागवानी तुळया आणि खांब सहसा जळणात जात नाहीत. आरागिरणीत अथवा सुतारकामाच्या कारखान्यात ते पुन्हा चिरले जातात आणि त्यांतून दारे, पलंग, देव्हारे घडतात. या चिराईसाठी वापरले जाणारे यंत्र म्हणजे बँडसॉ. दोन चाकांवर ताणून बसवलेले पोलादी पाते त्यात पट्ट्यासारखे अखंड फिरत राहते. हे पाते डुलू लागले, की चीर वाकडी जाते आणि पुन्हा मिळणे अवघड असलेले लाकूड वाया जाते. पाते तुटण्याचा धोका असतो तो वेगळाच.

अशा वेळी पहिला संशय यंत्रावर घेतला जातो आणि बेअरिंग बदलण्याची घाई होते. वास्तविक दोष बहुतेकदा पात्यातच असतो. इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी यांनी १८०८ मध्ये या यंत्राचे पेटंट घेतले, तरी टिकाऊ सांध्याअभावी ते मागे पडले. १८४६ मध्ये फ्रान्सच्या ॲन पॉलिन क्रेपँ यांनी सांधण्याची रीत शोधल्यावर त्याला गती मिळाली. सांधा आजही पात्याची नाजूक जागा आहे.

निदानासाठी फारशी साधने लागत नाहीत. प्रथम वीजपुरवठा तोडावा, हातमोजे घालावेत आणि पात्याला आधार देणारे गाइड मागे सरकवावेत. ते जवळ असतील तर खरा दोष झाकला जातो. सांध्यावर आणि वरच्या चाकावर खडूची खूण करून चाक हाताने सावकाश फिरवावे. १४ इंची चाकाचा परीघ सुमारे ४४ इंच, तर अशा यंत्राचे पाते साधारण साडेत्र्याण्णव इंच लांब. म्हणजे पात्याची एक फेरी होईपर्यंत चाक दोनदा फिरून वर थोडे जाते. हिसका सांध्याच्या खुणेबरोबरच येत असेल तर सांधा तिरका आहे, किंवा पाते तेथेच मुडपले आहे. चाकाच्या प्रत्येक फेरीला येत असेल तर चाक, त्यावरचा रबरी टायर किंवा बेअरिंग तपासावे. टायरवर भुशाचा आणि राळेचा थर साचला, तरी पाते उसळते. तो खरवडून काढणे हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि नेमका तोच विसरला जातो.

डुलण्याची दिशाही बोलकी असते. पाते पुढे-मागे होत असेल तर सांध्याची पाठ सरळ नसते. लहान उंचवटा कानशीने घासता येतो, फरक मोठा असेल तर सांधा कापून नव्याने जोडावा लागतो. डावीकडे-उजवीकडे हलत असेल तर पिळवटलेले पाते, कमी ताण किंवा वेडेवाकडे चाक यांपैकी काहीतरी असते. फेरीशी मेळ न खाणारी थरथर मात्र बहुधा मोटारीच्या पट्ट्याची किंवा पुलीची. पट्टा उतरवून मोटार एकटीच चालवून पाहिली, की ते उमगते.

वाड्याच्या लाकडात एक जास्तीचा शत्रू दडलेला असतो: जुने खिळे. एका खिळ्याने दाते मोडतात, पाते मुडपते. चिराईपूर्वी लाकडावरून धातुशोधक फिरवणे म्हणूनच हिताचे. शिवाय सागात सिलिका असल्याने धार लवकर बोथट होते, आणि बोथट पाते जोर लावताच भरकटते. ते डुलणे नव्हे. तेथे उपाय धार लावणे हाच.