यकृतातला साठा आणि मेंदूची भूक

माणसाच्या मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के असले, तरी शरीर विश्रांती घेत असताना होणाऱ्या ऊर्जाखर्चाचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या मेंदूला लागतो आणि एरवी ही गरज तो ग्लुकोज या साखरेवर भागवतो. जेवणानंतर उरलेली साखर यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठते. हा साठा शंभरेक ग्रॅमच असल्याने बारा ते चोवीस तासांच्या उपवासात तो बहुतांशी संपतो आणि मग यकृत चरबीपासून कीटोन नावाचे लहान रेणू तयार करू लागते. १९६७ साली ऑलिव्हर ओवेन, जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच-सहा आठवडे उपवास केलेल्या तीन स्थूल व्यक्तींच्या मेंदूत जाणारे व तेथून परतणारे रक्त तपासले, तेव्हा मेंदूचे निम्म्याहून अधिक इंधन कीटोनमधून येत असल्याचे दिसले.

आपल्याकडील एकादशीला साबुदाण्याची खिचडी, भगर आणि बटाट्याचा कीस खाल्ला जातो, आणि हे सारे पिष्टमय पदार्थ असल्याने यकृताचा साठा पुन्हा भरत राहतो. श्रद्धेच्या दृष्टीने असा उपवास पूर्ण असला, तरी इंधनाचा हा पालट त्यात घडत नाही. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींनी मात्र निर्जळी किंवा लांबलेला उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये, कारण रक्तातील साखर एकाएकी घसरली तर पहिला फटका मेंदूलाच बसतो.

उपवासाने स्मरणशक्ती वाढते हा दावा मुख्यतः उंदरांवरील प्रयोगांवर उभा आहे, आणि एक दिवस उपाशी राहिलेल्या उंदराचे वजन ज्या प्रमाणात घटते त्याची तुलना माणसाच्या एका दिवसाच्या उपवासाशी करता येत नाही. व्यायामाचा पुरावा अधिक भक्कम आहे. व्यायामाने बीडीएनएफ हे प्रथिन, म्हणजे चेतापेशींना जगवणारे आणि त्यांचे परस्परांतील जोड बळकट करणारे द्रव्य, वाढते असे आढळले आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १२० वयस्क व्यक्तींपैकी निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून तीनदा, हळूहळू वेळ वाढवत चाळीस मिनिटांपर्यंत, भरभर चालण्याचा व्यायाम केला आणि उरलेल्यांनी अंग ताणण्याचे हलके व्यायाम केले. वर्षाअखेरीस चालणाऱ्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा आठवणी घडवणारा भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढला होता, तर दुसऱ्या गटात तो वयोमानानुसार आक्रसला होता.