गाडी हॅक होते, पण कुठून?

मुक्ताईनगरवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर केळीचे ट्रक रात्रंदिवस धावतात. गाडी कुठे थांबली, किती वेगाने पळतेय, हे आता मालकाला घरबसल्या मोबाइलवर दिसतं. त्याबरोबर एक धास्तीही आली: कुणीतरी लांबून स्टिअरिंग ताब्यात घेईल.

‘हॅकर कुठलीही गाडी हवी तशी पळवतो’ हा समज मुख्यतः जुलै २०१५ मधल्या प्रकारातून पसरला. चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या संशोधकांनी अमेरिकेत घरी बसून हायवेवरच्या जीप चेरोकीचा वेग काढून घेतला. पण ते त्या आधी कित्येक महिने त्याच गाडीमागे लागले होते. गाण्यांच्या स्क्रीनला मोबाइल नेटवर्क होतं आणि तीच स्क्रीन इंजिन-ब्रेकच्या ‘कॅन’ वायरिंगला जोडलेली होती. बॉशने १९८६ मध्ये पुढे आणलेल्या या कॅनमध्ये संदेश कुणी पाठवला याची खातरजमाच होत नाही; आत शिरलेल्याचं सगळं ऐकलं जातं. दोष रचनेत होता. जीप बनवणाऱ्या कंपनीने १४ लाख गाड्या परत बोलावल्या.

आपल्याकडे मला जास्त काळजी वाटते ती बाहेरून बसवलेल्या जीपीएसच्या डबीची. ‘जीपीएस लावला, गाडी सुरक्षित झाली’ असं छातीठोकपणे सांगितलं जातं. मायकोडस कंपनीचा एमव्ही७२० हा स्वस्तातला ट्रॅकर बघा. चोरी झाल्यास मालकाला लांबूनच इंधन बंद करता यावं, म्हणून तो इंधनाच्या वायरिंगला जोडतात. जुलै २०२२ मध्ये बिटसाइटच्या संशोधकांनी दाखवलं की त्यात सगळ्या डब्यांना चालणारा एकच मास्टर पासवर्ड कायमचा लिहून ठेवला होता. ग्राहकाला मिळणारा पासवर्ड होता १२३४५६, आणि तो बहुतेकांनी बदललाच नव्हता. म्हणजे इंधन तोडण्याची सोय चोरालाही खुली.

‘माझ्या ट्रकची माहिती ट्रकमध्येच’ हेही खरं नाही. टाटा मोटर्सच्या सुट्या भागांच्या ‘ई-दुकान’ संकेतस्थळाच्या कोडमध्ये कंपनीच्या क्लाउड खात्याच्या किल्ल्या उघड्या पडल्या होत्या. ईटन झ्वेअर या संशोधकाने २०२३ मध्ये ते कळवलं, कंपनीने त्रुटी दुरुस्त केल्या. ग्राहकांची नावं, पत्ते, पॅन क्रमांक आणि ट्रकांवर नजर ठेवणाऱ्या ‘फ्लीटएज’चा ७० टेराबाइटहून जास्त डेटा त्या किल्ल्यांनी उघडत होता. एकाही ट्रकला हात लावायची गरज नव्हती.

राहिलं अपडेट. ‘चालत्या गाडीला कशाला छेडायचं’ म्हणून ते टाळू नका. जीपचं ते भोकही सॉफ्टवेअर अपडेटनेच बुजवलं गेलं. मात्र अपडेट कंपनीकडूनच घ्या. डबी बसवणाऱ्या मेकॅनिककडून इंधनाच्या वायरिंगला काय जोडलंय ते समजून घ्या, पासवर्ड त्याच्यासमोरच बदला. जुनी गाडी घेताना पहिल्या मालकाचं ॲप तिच्यावरून काढून घेतल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका.