लोणारचे गुलाबी पाणी
बासरच्या सरस्वतीपुढे मुलाकडून पहिले अक्षर गिरवून परतणाऱ्या कोकणवासीयांनी वाट वाकडी करून लोणारही पाहावे. उल्कापाताने काळ्या पाषाणात पडलेल्या या विवरातील पाणी अतिशय क्षारयुक्त; तेथे राज्य सूक्ष्मजीवांचे. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले, तेव्हा शकुन-अपशकुनांचीच चर्चा अधिक! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने खरे कारण दाखविले: पाणी आटून खारटपणा वाढला आणि मिठात रमणारे, गुलाबी रंगद्रव्य धारण करणारे जीव बळावले. त्याच वर्षी सरोवर रामसर यादीत गेले. परंतु गावचे सांडपाणी विवरात उतरत राहिले, तर क्षारता घटेल आणि त्यावाचून न जगणारे हे जीव प्रथम नष्ट होतील. सांडपाणी अडविणे हे काही शास्त्रज्ञांचे काम नव्हे.